श्रमाच्या बदल्यात निवारा

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या व्यासपीठावरून आपण शिक्षणाचे महत्त्व ऐकतो. ते सांगणारे माझ्याहून अधिक अधिकारी लोक येथे बसले आहेत. म्हणून मी आज एका लहानशा, पण आपल्या घरापर्यंत येऊन पोहोचलेल्या प्रश्नाविषयी बोलणार आहे. परदेशात एखाद्या हॉस्टेलमध्ये रोज चार-पाच तास काम करायचे आणि त्या बदल्यात फुकट राहायचे, असा एक प्रकार आहे. आपल्या मुलांनी त्या वाटेने जावे काय, हा तो प्रश्न.

गेल्या वर्षी एके दिवशी असरच्या नमाजनंतर मशिदीबाहेर एका पालकांनी मला थांबवले. त्यांचे वेल्डिंगचे छोटे दुकान आहे. मुलगा नगरला बी.कॉम. झालेला, माझा जुना विद्यार्थी. ते म्हणाले, "सर, तुम्हीच याला समजवा. पदवी घेतली आणि आता म्हणतो, युरोपात जाऊन लोकांच्या चादरी बदलणार. झाडूच मारायचा होता तर एवढं शिकवलं कशाला?" मुलगा शेजारी खाली मान घालून उभा होता. त्याने मोबाईलवर मला ती जाहिरात दाखवली. राहणे मोफत, सकाळचा नाश्ता मोफत, आठवड्याला पंचवीस तास काम, पगार नाही.

येथे प्रथम एक खुलासा करतो. हॉस्टेल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे विद्यार्थ्यांचे वसतिगृह येते. परदेशातील हे हॉस्टेल वेगळे. आपल्याकडे पूर्वी मुसाफिरखाने आणि सराया असत, तशी ती प्रवाशांची स्वस्त उतरण्याची जागा. एका खोलीत सहा-आठ खाटा, सामाईक स्वयंपाकघर, सामाईक न्हाणीघर. आणि आपणांस ऐकून नवल वाटेल, या कल्पनेचा जनक एक शाळामास्तर होता. जर्मनीतील रिचर्ड शिरमान हे शिक्षक १९०९ साली मुलांना घेऊन पायी सहलीस निघाले असता वादळी पावसात सापडले. एका खेड्यातील शाळेत त्यांनी रात्र काढली. सुट्टीत रिकाम्या पडणाऱ्या शाळा मुलांच्या मुक्कामास का देऊ नयेत, असा विचार त्या रात्री त्यांच्या मनात आला. त्यातून १९१२ साली आल्टेना गावच्या जुन्या किल्ल्यात पहिले कायमचे युवा वसतिगृह सुरू झाले. पुढे अशा वसतिगृहांत उतरणाऱ्या प्रत्येकाने सकाळी काहीतरी काम करून जावे, असा रिवाज होता. कोणी भांडी घासी, कोणी जिना झाडी. इंग्लंडमध्ये १९७१ साली सू कॉपर्ड या बाईंनी शहरातील माणसांनी शेतावर श्रम करावेत आणि शेतकऱ्याने त्यांच्या राहण्या-जेवण्याची सोय करावी, अशी योजना काढली. ती जगभर पसरली. आजची हॉस्टेलमधील फुकट राहण्याची योजना ही याच घराण्यातली.

आता त्या पालकांच्या पहिल्या आक्षेपाकडे येतो. शिकलेल्या मुलाने झाडू हातात घ्यावा काय?

माझ्या बंधूंनो, श्रमाच्या बदल्यात निवारा ही गोष्ट आपण परदेशातून शिकावी अशी नाही. सातारला जाऊन पाहा. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. १९२७ साली महात्मा गांधींनी त्यास भेट दिली. तेच पुढे छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस म्हणून नावारूपास आले. तेथे मराठा, महार, जैन, मुसलमान मुले एका पंगतीत जेवत आणि आपले काम आपण करीत. पाणी भरणे, स्वयंपाक करणे, शेतात राबणे हे सर्व मुलेच करीत. मुलांच्या पोटासाठी कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने, अगदी मंगळसूत्रसुद्धा मोडले. 'कमवा आणि शिका' हे शब्द या महाराष्ट्रात तेथून रुजले. त्याआधी कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी प्रत्येक समाजाच्या मुलांसाठी वसतिगृहांना हात दिला. त्यात १९०६ साली मोहामेडन एज्युकेशन सोसायटी उभी राहिली आणि मुस्लिम बोर्डिंगची सोय झाली. गरिबाच्या मुलाला शिकायचे तर आधी डोक्यावर छप्पर हवे, हे त्या दोघांनी ओळखले होते.

आणि आपल्या दीनमध्ये तरी श्रमाची लाज कोठे आहे? रसूलल्लाह सल्लल्लाहु अलैहि व सल्लम आपले कपडे स्वतः शिवत, चपला स्वतः दुरुस्त करीत. मदीनेच्या रक्षणासाठी खंदक खणला गेला तेव्हा त्यांनी स्वतः माती वाहिली. मस्जिदे नबवीच्या सुफ्फ्यावर राहून इल्म शिकणाऱ्या गरीब साथीदारांपैकी काहीजण दिवसा पाणी भरीत, लाकडे आणून विकीत आणि रात्री शिकत.

हे सर्व मी त्या पालकांना सांगितले. परंतु ते सांगताना माझ्या मनात एक गोष्ट टोचत होती. ती मी त्या दिवशी बोललो नाही, आज येथे बोलतो.

मी नगरला बी.ए. करीत असताना विद्यापीठाच्या कमवा व शिका योजनेत होतो. रोज सकाळी कॉलेजचे आवार झाडणे, झाडांना पाणी घालणे, कधी वर्गखोल्या धुणे हे माझे काम. तासांच्या हिशेबाने जे मिळे त्यातून मेसचे बिल भागे. घरी मात्र मी सांगितले होते की मला स्कॉलरशिप मिळते. माझे वडील मार्केट यार्डात हमाली करीत. मुलगा स्कॉलर आहे, असे ते चारचौघांत अभिमानाने सांगत. एके दिवशी सकाळच्या एस.टी.ने ते न कळवता भाकरीचा डबा घेऊन आले आणि मी मैदान झाडत असताना समोर उभे राहिले. मी झाडू पाठीमागे लपवला. ते काही बोलले नाहीत. मैदान पुरे होईपर्यंत कट्ट्यावर बसून राहिले. मग डबा उघडून एवढेच म्हणाले, "मी पोती उचलतो ते तुझ्यापासून कधी लपवलं होतं का?"

पालकहो, हा प्रश्न मी आजवर विसरलो नाही. मी काम करीत होतो यात माझी चूक नव्हती. लपवत होतो ही चूक होती. आणि लपवण्याची ती सवय मला आपल्याच माणसांच्या बोलण्याने लागली होती. म्हणून माझी पहिली विनंती आपणांस आहे. मुलाने किंवा मुलीने शिकता शिकता काम केले तर त्याला कमी लेखू नका. तुम्ही नाक मुरडाल, तर मूल काम सोडणार नाही, खरे सांगणे सोडील.

एवढे ऐकल्यावर आपल्याला वाटेल की मी त्या मुलाला जाण्याची परवानगी दिली असेल. तसे झाले नाही. कारण श्रम हलाल असणे ही एक गोष्ट आणि करार स्वच्छ असणे ही दुसरी.

कुराण शरीफमधील सूरे कसस आठवा. हजरत मूसा अलैहिस्सलाम मिसर सोडून परमुलखात, मदयनला आले. ना घर, ना ओळख. विहिरीवर त्यांनी दोन मुलींच्या जनावरांना पाणी पाजले. त्यांपैकी एकीने आपल्या वृद्ध वडिलांना सांगितले की या माणसाला कामावर ठेवा, हा ताकदवान आहे आणि विश्वासू आहे. वडिलांनी लग्नाचा प्रस्ताव ठेवला आणि मुदत स्पष्ट सांगितली: आठ वर्षे काम, दहा पुरी केलीस तर ती तुझी खुशी, मला तुझ्यावर जास्त भार घालायचा नाही. हजरत मूसांनी मुदत मान्य केली, त्यापुढे आपल्यावर जबरदस्ती होणार नाही हेही बोलून घेतले आणि अल्लाहला साक्षी ठेवले. परमुलखातील एक निराधार तरुण श्रमाच्या बदल्यात निवारा घेतो, पण काम किती, मुदत किती, याचा बोल आधी होतो. यापेक्षा चांगला धडा मला ठाऊक नाही.

आपल्या पाथर्डी तालुक्याला हे वेगळे सांगायला नको. आपल्याकडची हजारो कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल घेताना गोड वाटते, हिशेब मात्र पट्टा पडल्यावर कळतो आणि फिटली नाही तर पुढच्या हंगामावर चढते. ज्याने कोयता पाहिला आहे त्याने परदेशच्या जाहिरातीतील 'मोफत' या शब्दाला भुलू नये.

मी, तो मुलगा आणि त्याचे वडील, आम्ही तिघे कागद घेऊन बसलो. आठवड्याला पंचवीस तास म्हणजे चार आठवड्यांत शंभर तास. बदल्यात अठ्ठावीस रात्रींची खाट. समजा ती खाट एरवी रात्रीला वीस युरोला मिळते. एकूण झाले पाचशे साठ युरो. म्हणजे तासाला पाच युरो साठ सेंट. जर्मनीत २०२५ साली कायद्याने ठरवलेले किमान वेतन तासाला बारा युरो ब्याऐंशी सेंट होते. म्हणजे निम्म्याहूनही कमी. दोन वेळचे जेवण, विमानाचे जाण्या-येण्याचे भाडे, विमा हे सर्व आपल्या खिशातून. एवढे असूनही अनुभवासाठी कोणी जाईल तर मी त्यास वेडा म्हणणार नाही. शिकवणी समजून फी भरावी तसा तो खर्च धरावा. परंतु ती कमाई आहे, या भ्रमात राहू नये.

नंतर आम्ही कायद्याकडे वळलो. पुष्कळ लोकांची समजूत अशी की पगार घेतला नाही म्हणजे ते काम नव्हे. अनेक देशांचा कायदा तसे मानत नाही. न्यूझीलंडमध्ये राहण्या-जेवणाच्या बदल्यात केलेले काम हे कामच धरतात आणि त्यासाठी कामाचा व्हिसा लागतो. ब्रिटनमध्ये पाहुणा म्हणून गेलेल्यास नोंदणी झालेल्या धर्मादाय संस्थेत फार तर तीस दिवस सेवा करता येते. हॉस्टेल हा तर धंदा आहे. युरोपातील शेंगेन देशांच्या पर्यटक व्हिसावर एकशे ऐंशी दिवसांत नव्वद दिवस राहता येते, तीस हजार युरोचा वैद्यकीय विमा लागतो, आणि तो व्हिसा फिरण्यासाठी असतो, राबण्यासाठी नव्हे.

मी मुलाला म्हटले, "त्या हॉस्टेलला सरळ विचार, कोणत्या व्हिसावर यायचे?" दोन दिवसांनी उत्तर आले. त्याचा अर्थ असा की पर्यटक म्हणून या, विमानतळावर विचारले तर कामाचा उल्लेख करू नका. इकडे शहरातील एका एजंटाने तोच व्हिसा काढून देण्यासाठी अडीच लाख मागितले होते. वडील दुकानावर कर्ज काढण्याच्या विचारात होते. फुकट राहण्यासाठी अडीच लाख! आणि वर पहिल्याच दारात खोटे बोलायचे. पकडले गेले तर त्याच विमानाने परत आणि पुढच्या प्रत्येक व्हिसाच्या अर्जावर तो डाग. मी म्हटले, जाऊ नकोस.

मुलगा माझ्यावर रागावला. दोन महिने मला पाहून रस्ता बदलत असे. त्याच्या मित्रांनी त्याला सांगितले की सरांनी तुझा पाय ओढला. मलाही रात्री वाटे, आपण एका गरिबाच्या पोराची वाट तर अडवली नाही ना? हा संशय माझ्या मनातून पूर्ण गेला आहे असे मी म्हणणार नाही. ज्यांच्याजवळ पैसा आहे त्यांची मुले जग पाहतात आणि आपल्या मुलांना आपण कायद्याची कलमे ऐकवतो, हे मलाही खटकते. म्हणूनच केवळ 'जाऊ नको' एवढे सांगून शिक्षकाचे काम संपत नाही. मग जावे कसे, हेही सांगितले पाहिजे.

त्या दोन महिन्यांत मी जे शोधले ते येथे ठेवतो.

पहिली वाट आपल्या देशातली. गोवा, हिमाचल, ऋषिकेश येथे अशीच प्रवासी हॉस्टेल्स आहेत आणि तीही राहण्याच्या बदल्यात मुलांना कामास घेतात. व्हिसा नको, विमान नको. न पटल्यास रात्रीच्या बसने घरी येता येते.

दुसरी वाट उच्च शिक्षणाची. अमेरिकेतील विद्यापीठांत वसतिगृहाच्या एकेका मजल्याची देखरेख विद्यार्थ्यावर सोपवतात आणि त्या बदल्यात खोली, कित्येक ठिकाणी जेवणही देतात. परदेशी विद्यार्थ्यालाही सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांपर्यंत विद्यापीठाच्या आवारात काम करता येते. हीच कमवा व शिका योजना, समुद्रापलीकडची.

तिसरी वाट तरुणांच्या खास व्हिसाची. ब्रिटनने २०२३ पासून भारतीय पदवीधरांसाठी अशी योजना सुरू केली. वय अठरा ते तीस, वर्षाला तीन हजार जागा, सोडतीने नावे निघतात, दोन वर्षे राहून काम करता येते. सोडतीत नाव घालण्यास पैसे पडत नाहीत. मात्र पुढे व्हिसाची आणि आरोग्य-अधिभाराची रक्कम भरावी लागते, आणि खात्यावर २,५३० पौंड दाखवावे लागतात, म्हणजे तीन लाख रुपयांच्या आसपास. ऑस्ट्रेलियानेही २०२४ पासून भारतीयांसाठी वर्षाला एक हजार जागांची काम व सुट्टीची योजना उघडली आहे. तेथेही वय अठरा ते तीस आणि नावे सोडतीनेच. या व्हिसावर हॉस्टेलमध्ये काम केले तर ते उजळ माथ्याने करता येते आणि कायद्याचा पगार मागता येतो. जागा थोड्या आहेत, पैसाही लागतो, हे मी लपवत नाही. पण दार खरे आहे.

आखाती देशांत जाणाऱ्यांसाठी दोन शब्द. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर परदेशगमन तपासणीची अट असते आणि आखातासह ठरावीक देशांत नोकरीस जाण्यापूर्वी सरकारची मंजुरी लागते. ही अट त्रास देण्यासाठी नाही, आपल्याच रक्षणासाठी आहे. तरीही, दहावी पास होण्याचे महत्त्व पटवण्यास याहून सोपे उदाहरण मला सापडत नाही. आणि कोणी पर्यटक व्हिसा हातात देऊन नोकरीला चला म्हणाला, तर तो कितीही जवळचा असो, त्याच्याबरोबर जाऊ नका.

विद्यार्थी मित्रांनो, आणि विशेषतः मुलींनो, कोठेही असे काम घेण्यापूर्वी हे प्रश्न लेखी विचारा. काम नेमके कोणते? दारूच्या बारवर उभे राहावे लागेल काय? तास किती, सुट्टी कोणत्या दिवशी? झोपण्याची जागा कोठे, स्त्रियांची खोली वेगळी आहे काय, आतून कडी लागते काय? आजारी पडल्यास काय? मध्येच सोडायचे झाल्यास काय? कोणता व्हिसा? आपला पासपोर्ट कोणाच्याही ताब्यात देऊ नका. परतीच्या तिकिटाचे पैसे वेगळे ठेवा, त्यांना हात लावू नका. पत्ता आणि फोन घरच्यांजवळ लिहून ठेवा. उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा अशी कुराणची शिकवण आहे. मग श्रमाचा व्यवहार तोंडी का राहावा?

त्या मुलाचे पुढे काय झाले, हे आपण विचाराल. तो गेल्या हिवाळ्यात गोव्याच्या एका हॉस्टेलमध्ये तीन महिने राहिला. जाताना वरचे सर्व प्रश्न त्याने लिहून विचारले होते. चादरी बदलल्या, संडास धुतले, रात्रीच्या पाळीला काउंटरवर बसला. परत आला तेव्हा अनोळखी माणसाशी न अडखळता इंग्रजी बोलत होता. आज तो पुण्यात एका हॉटेलच्या काउंटरवर नोकरी करतो आणि पगारातून दरमहा काही बाजूला टाकतो. सोडतीत एकदा नाव घातले, निघाले नाही. पुन्हा घालणार आहे. तो जाईल की नाही, ते अल्लाहला माहीत. परंतु मध्यंतरी त्याचे वडील भेटले तेव्हा दुकानात गिऱ्हाईक बसलेले होते आणि त्यांच्यासमोर ते मोठ्याने म्हणाले, "सर, आमचा मुलगा गोव्यात झाडूसुद्धा मारून आला बरं का!" ते ऐकून मला माझे अब्बा आणि कॉलेजचा तो कट्टा आठवला.

संस्थेच्या चालकांना जाता जाता एक विनंती करतो. आपल्या वसतिगृहात मुलांना आठवड्यातून काही तास कामाची पाळी लावावी, वाचनालय, बाग, स्वयंपाकघर कोठेही. त्याचा हिशेब वहीत ठेवावा आणि ठरलेला मोबदला वेळेवर द्यावा. मजुराचा घाम वाळण्यापूर्वी मजुरी देण्याची ताकीद आपल्याला आहेच. श्रम कसा करावा आणि त्याचे मोल कसे मागावे, या दोन्ही गोष्टी मूल येथेच शिकले, तर उद्या ते मडगावला जावो की मँचेस्टरला, त्याला कोणी फसवू शकणार नाही.

  

— एक सहशिक्षक (बी.ए., बी.एड.), तिसगाव